माझ्या साडूंनी न वाचता केलेली सही

एक गोष्ट मी आजवर कोणालाही सांगितलेली नाही, बायकोलाही नाही. ती आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुन्हा राहून जाईल. माझ्या साडूंच्या शाळेतल्या एकोणीस मुलांचे चाचणीचे गुण मी वाढवले. भर दुपारी, कार्यालयात बसून, चहा पीत, एका बोटाने बटणं दाबत. त्याची शिक्षा साडूंना झाली आणि बढती मला मिळाली.

आता साडूंविषयी. अमरावतीपासून अकोल्यापर्यंत जेवढी म्हणून सरकारी, निमसरकारी आणि रिकामी माणसं आहेत, त्या सगळ्यांत खोटं बोलायला इतका नालायक माणूस दुसरा सापडायचा नाही. हा त्यांचा सद्गुण आहे असं मी बरीच वर्षं मानत नव्हतो, मला ते अपंगत्व वाटायचं. एखाद्याला लिंबू सोसत नाही तसं यांना खोटं सोसत नाही. कान लाल होतात, शब्द अडकतात आणि शेवटी खरं आहे ते दुप्पट जोरात बाहेर पडतं. मी मुलगी पाहायला अकोल्याला गेलो तेव्हा हे त्या घरचे थोरले जावई म्हणून शेजारी बसले होते. पोह्यांची बशी समोर आली. सासूबाई म्हणाल्या, "पोहे आमच्या लहानीनं केले." साडूंचे कान लाल झाले. मी घास घेतला, चांगले झालेत म्हणालो, आणि त्यांचा बांध फुटला. "पोहे मोठीनं केले जी. लहानीले फक्त आणून ठेवाले सांगतलं. तिले सयपाक येत नाई. तुमाले येते काय?" सासूबाईंनी कपाळावर हात मारला, आत कोणीतरी भांडं पाडलं. मला मात्र हसू आवरेना, आणि जिथं असा जावई टिकला त्या घरात आपलंही भागेल असं वाटून मी तिथल्या तिथं होकार दिला. तेव्हापासून ते मला साडभाऊ म्हणतात. मीही तेच म्हणतो. वयानं ते चार वर्षांनी मोठे.

ते मूळचे बाळापूरचे. घरी नदीकाठचा भाजीचा मळा. वांगी, मेथी आणि आम्ही ज्याला सांबार म्हणतो ती कोथिंबीर, यांतच हा माणूस वाढला. मास्तर होऊन आमच्या अमरावती जिल्ह्यात, बडनेऱ्याहून मूर्तिजापूरकडे जाताना आत फुटणाऱ्या रस्त्यावरच्या एका गावी रुजू झाला, तो वडिलांचा जुना हातातला तराजू घेऊनच. अपूर्णांक मेथीच्या जुडीवर, भागाकार वांग्यांवर, आणि उरलेली बाकी ज्याच्या घरी भाजी नसेल त्याच्या दप्तरात. मुलं घरी आयांना आणि दुकानात दुकानदारांना मापात पकडू लागली. गावातल्या एका दुकानदारानं रीतसर तक्रार केली, की मास्तर लेकराईले वजनं शिकवून धंदा खराब करून राहिले. चौकशीला मीच गेलो होतो, कारण तोवर मी त्या भागातल्या बारा शाळांचा केंद्रप्रमुख झालो होतो आणि साडूंची शाळा त्या बारांत होती. साडूंनी तक्रारीचा कागद वाचला आणि म्हणाले, "बरोबर हाय त्याचं. धंदा खराबच झाला."

त्यांचा दुसरा आजार म्हणजे 'काहून', आमच्याकडचं 'का'. सरकारी कागद आला की बाकीचे मास्तर खाली सही करतात, हे वर 'काहून?' लिहायचे. मुलांच्या उंचीची माहिती वर्षात चौथ्यांदा मागवली तेव्हा त्यांनी लिहिलं, 'काहून? मागच्या मंगळवारपासून पोट्टे वाढले नाहीत.' शाळेला हात धुण्याचा दिवस साजरा करून फोटो पाठवायचा आदेश आला, तेव्हा त्यांनी कोरड्या नळाखाली ओळीनं उभ्या केलेल्या मुलांचा फोटो पाठवला. एका वर्षी तर त्यांनी कार्यालयाला पाठवलेल्या सगळ्या अहवालांच्या प्रती तराजूत घातल्या आणि वार्षिक अहवालात नोंद केली, की यंदा शाळेतून सव्वासहा किलो कागद गेला व तीन पोरं वाचायला शिकली. तो अहवाल मी दाबून ठेवला. आज वाटतं, वर्षभरात माझ्या टेबलावरून गेलेलं ते एकमेव खरं वाक्य होतं.

त्यांच्या शाळेत पाच वर्ग आणि दोन मास्तर. त्यातला दुसरा कागदावर. तो कायम मतदार याद्यांच्या कामाला नाहीतर कसल्यातरी सर्वेक्षणाला गेलेला. खोल्या दोन, पैकी एकीचं छप्पर पावसाळ्यात रजेवर जाई. अशा शाळेला आम्ही एक मोठा टीव्ही दिला. शाळा डिजिटल झाली असा फलकही लावला. पण विजेचं बिल भरायला तरतूद नव्हती, म्हणून जोडणी आधीच कापलेली. माझ्या मेहुणीनं त्या टीव्हीला क्रोशाचं झाकण विणून दिलं आणि दसऱ्याला त्याची पूजा झाली. पाहणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, "टीव्हीचा वापर होतो का?" साडू म्हणाले, "रोज होते. पोट्टे त्याच्यात पाहून भांग पाडतात." छपरासाठी ते दरवर्षी अर्ज करीत. छपराचा पैसा आला नाही. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात भलताच पैसा यायचा, तीन दिवसांत खर्च करा नाहीतर परत पाठवा असा. एकदा त्यातून आग विझवायच्या लाल बादल्या घ्यायला लावल्या. साडूंनी पावतीमागे लिहिलं, 'आग लागली तर प्यायचं पाणी टाकू.' मी या गोष्टी नातेवाइकांत रंगवून सांगायचो आणि लोक हसायचे. कोणी असं विचारलं नाही की हसण्यासारखं यात काय आहे, आणि मीही ते स्वतःला विचारलं नाही.

मग चाचण्या आल्या. राज्यातल्या सगळ्या मुलांना एकाच दिवशी एकच पेपर. कल्पना वाईट नव्हती. कोणाला काय येत नाही ते कळेल, तिथं मदत जाईल, असं कागदावर होतं. पण गुणांवरून आधी शाळेला हिरवा नाहीतर लाल रंग मिळाला, मग केंद्राला, मग तालुक्याला, आणि एकदा साहेबांच्या खुर्चीला रंग लागायची वेळ आली तेव्हा मुलांना काय येतं हा प्रश्नच मागे पडला. आमच्याकडे एक रीत पडून गेली. पेपर सुरू झाला की मास्तरांनी 'प्रश्न समजावून सांगायचा'. समजावता समजावता फळ्यावर उत्तर यायचं, मग फळा पुसायचा. याला आम्ही आपसांत 'पेपर सरळ करणं' म्हणत होतो. म्हणताना कोणाचे कान लाल होत नव्हते. साडू मात्र चाचणीच्या दिवशी मुलांना पेपर वाटून, गावच्या पोलीसपाटलांना वर्गात बसवून, स्वतः बाहेर लिंबाखाली वर्गाकडे पाठ करून बसत. मी विचारलं, असं का? म्हणाले, "मही नजर फळ्याकडं गेली तं हात बी जाईन. लेकरू रडकुंडीले आलेलं पाहवते काय?"

एका पेपरात सरकत्या जिन्याचं चित्र होतं. प्रश्न असा, की सरकत्या जिन्यावर तुम्ही कोणती काळजी घ्याल? साडूंच्या शाळेच्या गावात दुमजली घर एकच, त्याला लाकडी जिना. चौथीतल्या एका मुलीनं लिहिलं, 'जिना सरकला तर मी आधी वरच्या लोकांना हाक मारीन, मग खालून धरून ठेवीन.' तिला शून्य मिळालं. नमुना उत्तर होतं, कठडा धरून उभे राहीन. साडू तो पेपर घेऊन सायकलवरून माझ्याकडे आले. घामानं भिजलेले. "काहून शून्य? साडभाऊ, पोरीनं सारं घर वाचवलं. तुमचा पेपर काढणारा कठडा धरून उभा हाय फक्त." मी म्हणालो, नियम आहे. ते म्हणाले, "नियम काढणाऱ्याले आमच्या शाळेच्या छपराखाली उभा करा एकदा, म्हणजे धरून ठेवणं काय असते ते समजन त्याले."

त्या वर्षी एक परिपत्रक निघालं, आणि पहिल्यांदाच साडूंनी त्यावर 'काहून' लिहिलं नाही. चाचणीत मागे पडलेल्या शाळांना वर्षभरासाठी एक जादा शिक्षक मिळणार होता. साडूंनी ते परिपत्रक शाळेच्या दाराला आतून चिकटवलं. त्यांच्या तिसरी ते पाचवीत मिळून एकोणीस मुलं होती आणि त्यांतल्या चौघांनाच भागाकार येत होता. "पंधरा पोट्टे अडकले हायेत साडभाऊ. मी पहिलीले 'क' गिरवाले बसवतो तवा पाचवी मोकळी, पाचवीले धरतो तं पहिली रानात. एक माणूस भेटला न, तं वर्षात साऱ्याईले भागाकार आणून देतो." येणाऱ्या मास्तरासाठी त्यांनी गावात खोली पाहून ठेवली, सारवून घेतली. चाचणी झाली. गुण जेवढे यायला हवे होते तेवढेच आले, म्हणजे वाईट. मी माझ्या आयुष्यात नापासांची यादी इतक्या आनंदानं दाखवणारा मास्तर पाहिला नाही.

आणि इथं मी येतो. दर दोन महिन्यांनी आमची बैठक व्हायची. पडद्यावर केंद्रांची रंगीत यादी लागायची. सर्वांत खालच्या केंद्राच्या प्रमुखाला बैठक संपेपर्यंत उभं ठेवत. आधीच्या बैठकीत मी उभा होतो. सेहेचाळीस वर्षांचा माणूस, डोक्यावर टक्कल, हातात डायरी, दीड तास. चहा आला तो मी उभ्यानं प्यालो. बसलेल्यांपैकी कोणी माझ्याकडे पाहत नव्हतं, कारण उद्या त्यांचाही नंबर होता. मुलांना परीक्षेत कोणी इतकं घाबरवत नसेल. पण हे मी सबब म्हणून सांगत नाही. उभं तर साडूंनाही कितीदा ठेवलं होतं, ते उभ्याउभ्या प्रश्न विचारायचे.

गुण भरायच्या दिवशी त्यांच्या शाळेत नेट चालत नव्हतं. मी म्हणालो, "छापील तक्ता कोराच आहे, गुणांची यादी माझ्याकडे द्या आणि तक्त्याखाली सही करून ठेवा, मूर्तिजापूरच्या वाटेवर नेट मिळेल तिथं नाहीतर कार्यालयात मी भरतो." खरोखर तेवढंच मनात होतं. साडू तेव्हा पहिलीच्या मुलांना पोषण आहार वाढत होते. एका हातात खिचडीचा डाव. त्यांनी दुसऱ्या हातानं पेन घेतला आणि सही केली. मी म्हणालो, "वाचून तर घ्या." ते हसले. "तुमी आणला कागद. तुमचा बी वाचू काय आता?" ज्या माणसानं विजेच्या बिलालासुद्धा काहून विचारलं, त्यानं मला विचारलं नाही.

कार्यालयात ऑपरेटरच्या संगणकावर बसून मी भरायला घेतलं. बाकीच्या अकरा शाळांचे गुण भरून झाले होते, सगळे 'सरळ केलेले'. त्यांच्या खाली साडूंची शाळा टाकली की पूर्ण केंद्र घसरत होतं आणि पडद्याखाली पुन्हा मी उभा राहत होतो. मी पहिल्या मुलाला दोन गुण वाढवले. मग वाटलं, एकालाच का? पंधरा मिनिटांत एकोणीसही मुलांना भागाकार आला. इतक्या जलद कोणी कधी शिकवलं नसेल. मग तेच आकडे सहीच्या वर हातानं लिहिले, आणि तक्ता फाइलला लावला.

शाळा हिरवी झाली. जादा शिक्षक दुसऱ्या गावाला गेला. साडू कार्यालयात आले आणि चार टेबलांना विचारत फिरले. "माहे पोट्टे कोणी पास केले?" टेबलांमागचे लोक हसून अभिनंदन करत होते. त्यांच्या प्रश्नाचं उत्तर त्या दिवशी एकट्या माझ्याकडे होतं. पुढे पडताळणीचं पथक आलं. इतकी चांगली शाळा पाहू म्हणून आलं. त्यांनी चौथीच्या मुलीला फळ्यावर भागाकार दिला. ती खडू हातात धरून उभी राहिली. मग पाचवीचा मुलगा उभा राहिला. मग आणखी एक. साडू मागून सांगत होते, "येत नाई त्याईले, मी तेच सांगून राहिलो वर्षभर." पथकानं निष्कर्ष काढला, की मुख्याध्यापकांनी खोटे गुण सादर केले. सही त्यांची होती.

सुनावणीला मीही होतो, केंद्रप्रमुख म्हणून. साडू म्हणाले, सही माझी आहे, पण तक्ता कोरा होता, आकडे माझे नाहीत. साहेब म्हणाले, कोऱ्या कागदावर कोण सही करतो? साडूंचे कान लाल झाले नाहीत, म्हणजे खोटं बोलत नव्हते, एवढं मला कळत होतं. कोरा कागद मी आणला होता, हे त्यांनी सांगितलं नाही. बायकोच्या बहिणीचा संसार आहे असं त्यांनी मनात धरलं असेल. गप्प राहणं त्यांना जमतं हे मला त्या दिवशी समजलं. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "केंद्रप्रमुख, तुमचं काय म्हणणं?" मी म्हणालो, "कागदपत्रं पाहून सांगतो, सर." ती कागदपत्रं मी आजपर्यंत पाहतो आहे.

त्यांची वेतनवाढ रोखली, सेवापुस्तिकेत 'विद्यार्थ्यांचे खोटे गुण नोंदविले' असा शेरा पडला, आणि बदली मेळघाटात, सेमाडोहच्याही पुढे. ज्या यंत्रणेनं अकरा शाळांचं खोटं हिरव्या रंगात मिरवलं, तिला खोटारडा सापडला तो बाराव्या शाळेत. आणि ज्यानं खोटं केलं तो पुढल्या वर्षी विस्तार अधिकारी झाला. केंद्राची प्रगती चांगली होती ना. आता मी इतर केंद्रप्रमुखांना पडद्याखाली उभं राहिलेलं पाहतो. त्यांना बसा म्हणण्याचा अधिकार मला आहे. दोनदा म्हटलं आहे. दोनदाच.

गेल्या हिवाळ्यात मी त्यांना भेटायला गेलो. सांगून टाकायचं ठरवूनच गेलो होतो. रस्त्यावर वाघ पाहायला निघालेल्या गाड्यांची रांग, आणि तिथून आत वळलं की कुडाची घरं आणि एक शाळा. साडू आता कोरकू बोलतात. मुलं त्यांच्या उच्चारांना हसतात आणि ते मुद्दाम चुकतात. वाळले आहेत, केस पांढरे झाले आहेत, बाकी तसेच. मेहुणीनं भाकरी आणि वांग्याची भाजी वाढली. जेवण झाल्यावर आम्ही ओसरीत बसलो. त्यांची निवृत्ती जवळ आली आहे. मी तोंड उघडायच्या आत तेच म्हणाले, "साडभाऊ, एक काम होतं तुमच्याकडं. तो शेरा तेवढा निघाला पायजे. पैशाचं काही नाई. पण खोटे मार्क लावले म्हणून लिवलं हाय न त्याच्यात, ते घेऊन घरी जावं वाटत नाई."

मी म्हणालो, "कसा निघेल?"

"मले वाटते, तो ऑपरेटर होता न कार्यालयात, त्याच्या हातून झालं. भेला असन बिचारा, त्याले बी लेकरंबाळं. तुमचं ऐकते तो. त्याले म्हणा, मास्तरनं माफ केलं. मनात काई नाई. फक्त एक कागद लिवून दे, का हे मी केलं म्हणून."

त्या ऑपरेटरनं त्या दिवशी मला चहा आणून दिला होता, बाकी त्याचा काही संबंध नाही. मी साडूंकडे पाहिलं. माफी समोर मांडून ठेवली होती आणि ती दुसऱ्याच्या नावानं होती. नाव बदला एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणालो, "विचारतो त्याला." ते म्हणाले, "हो, विचारा. घाई नाई. पण मी रिटायर व्हायच्या आत."  विषय बदलायला मी विचारलं, त्या जुन्या गावची मुलं भेटतात का? म्हणाले, एक पोरगी परतवाड्याच्या बसमध्ये भेटली होती. जिना धरून ठेवणारी. बारावी सोडून कापडाच्या दुकानात लागली आहे. "हिशोब दुसरी करते म्हणे. हिच्याकडं घड्या घालणं." हे त्यांनी तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. मला रस्त्यापर्यंत पोचवायला आले, आणि गाडी वळेपर्यंत हात वर करून उभे होते.

हे सगळं लिहिलं तरी काम झालेलं नाही. याच्यावर आवक क्रमांक पडत नाही आणि सेवापुस्तिकेला हे जोडता येत नाही. साडूंना मी एक अर्ज देणं लागतो, माझ्या नावानिशी आणि माझ्या सहीचा, की ते गुण मी भरले. त्या पंधरा मुलांना एक मास्तर देणं लागतो, आणि तो आता देता येणार नाही. अर्ज अजून देता येतो. साडू मे महिन्याच्या अखेरीस निवृत्त होत आहेत.